लाल की निळी

माझा मुरूमला फोटो स्टुडिओ आहे. सगळी उमर लग्नांचे फोटो काढण्यात गेली. लग्नात माणसं आपल्यासाठी थांबतात. म्हटलं तर नवरा-नवरी पुन्हा एकदा हार घालतात. त्या दिवशी मात्र मंगल कार्यालयात मॅट टाकून तायक्वांदोच्या स्पर्धा होत्या. तिथं माझ्यासाठी कोण थांबणार? उजेड ट्यूबलाइटचा, फ्लॅशला पंचांची मनाई. शटरचा वेग वाढवला की फोटो काळा, कमी केला की पोरींचे पाय म्हणजे नुसते पांढरे फराटे.

शेजारी आमच्या गल्लीतले अज्जा बसले होते. भुसार मालाचे व्यापारी, कपाळाला विभूती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नातीचा खेळ बघायला पहिल्यांदाच आले होते.

"लई पळतंय समदं," ते म्हणाले. "मला काय दिसंना. तुमी सांगा, कोण मारायलंय?"

नात निळ्या कवचात होती. लाल कवचातली पोरगी तिच्यापेक्षा हातभर उंच. एक लाथ सांगावी तोवर दुसरी बसलेली असायची.

"चांगलं चाललंय, अज्जा," मी म्हणत राहिलो. निळी सारखी मागं सरत होती.

मग लाल पोरीचा पाय तिच्या हेल्मेटवर आदळला. माझ्याकडून बटण आपोआप दाबलं गेलं. आवाज अज्जांनीही ऐकला.

"आपलीनं मारली का?"

मी पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. लढत संपली, नात हरली. ती हेल्मेट काढून आमच्याकडं आली तेव्हा तिचा एक कान लालबुंद झाला होता.

"हरली तर हरली," अज्जा म्हणाले. "फोटू दाखवा."

सगळे पुसट. स्वच्छ आलेला एकच, तोच. अज्जांनी कॅमेरा नाकाशी धरला.

"ही पाय वर केलेली आपलीच न्हवं?"

मी नातीकडं पाहिलं. तिनं लाल कानावर हात धरला.

"व्हय अज्जा. मीच."

"मोठा करून द्या. दुकानात लावतो."

फोटो खराब झाला, असं सांगता आलं असतं. पण तेव्हा सुचलं नाही. करून दिला. तूर घालायला येणाऱ्या प्रत्येकाला अज्जा तो दाखवायचे, "आमची नात बघा." मी दुकानासमोरून खाली मान घालून जायचो.

पुढं सोलापूरला त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. काही दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. काळा चष्मा काढून ते फोटोसमोर उभे होते. आता रागावणार, असं धरूनच मी आत गेलो. पण त्यांनी निळ्या पोरीच्या तोंडावर बोट ठेवलं. डोळे मिटलेले, ओठ वाकडा झालेला.

"लई लागलं हुतं का वो हिला?"

इतक्या जवळून पाहिलं होतं मी, तरी मला सांगता येईना. "तिलाच विचारा की," म्हणालो.

"इचारलं," अज्जा म्हणाले. "न्हाय म्हणती."