ताईनं लहान केला नाही तो फोटो

दुपारी ऑफिसात शेजारच्या वहिनींचा फोन आला. त्या रडत ओरडत होत्या, "भाऊजी, जल्दी या, सुधाताईंना पायऱ्यांवरून ढकललं हो कुणीतरी!" मी पोहोचलो तेव्हा गल्लीच्या दगडी पायऱ्यांवर भाजीची पिशवी फाटून पडली होती, मटारच्या शेंगा रक्तात माखल्या होत्या आणि माझ्या थोरल्या बहिणीचं डोकं वहिनींच्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली...

ताई शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं कॅमेरा घेतला. आमचं घर मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत. सकाळी ती खाली उतरायची, होड्यांचे, नदीचे, श्राद्धाला आलेल्या मंडळींचे फोटो काढायची आणि पुण्या-इंदूरच्या नातलगांसाठी इंटरनेटवर टाकायची. मूळ फोटो इतके जड, की तिथं चढतच नसत. ते लहान करायला तिनं मलाही शिकवलं. "आधी कॉपी कर, मूळ फोटोला हात लावायचा नाही. लांबी-रुंदी बरोबरीनं कमी कर, नाहीतर माणसं चपटी होतात." मी घाईत फारच लहान केला, की डाफरायची, "अरे, चेहऱ्याचा पार ठिपका केलास की!"

दिवाळीनंतरच्या एका सकाळी नाव बांधायच्या जागेवरून घाटावर भांडण झालं. नदीपलीकडच्या रामनगरचा नावाडी लल्लन मल्लाह याला गुड्डू नावाच्या गुंडानं त्याच्याच वल्ह्यानं झोडपलं. दोघांनी धरून ठेवलं होतं आणि हा मारत होता. लल्लन खाली पडला, तरी वल्हं थांबेना. हाड मोडल्याचा आवाज ताईला वरच्या पायरीवर ऐकू आला. लल्लनची बायको फुलमती मध्ये पडली, तर तिला केसाला धरून फेकलं. आंघोळीला आलेली माणसं ओल्या पंच्यांनिशी उभी होती. ताई ओरडत राहिली आणि ओरडता ओरडता फोटो काढत राहिली. लल्लनचा एक डोळा कायमचा गेला.

गुड्डू म्हणाला, मी त्या दिवशी प्रयागला होतो. ताईनं घाईघाईत फोटो लहान करून टाकला, त्यात चेहऱ्यांचे डागच झाले होते. गुड्डूच्या माणसांनी खाली लिहिलं, "चेहरा कहाँ है, माताजी?" ते वाचून ताई ताडकन उठली. पुन्हा मूळ फोटो उघडला. या वेळी तिनं तो लहान केलाच नाही, कापला. उगारलेलं वल्हं आणि त्यामागचा गुड्डूचा चेहरा, तेवढाच तुकडा पूर्ण आकारात ठेवला. त्याच्या कपाळावरची शीर दिसत होती. गालावर लल्लनच्या रक्ताचे शिंतोडे दिसत होते.

"फुलमतीला का वगळलंस?" मी विचारलं.

"ती दिसली तर उद्या तिला मारतील. मला काय, म्हातारीला कोण हात लावतो?"

फोटो गावभर फिरला आणि पोलिसांना गुड्डूला धरावं लागलं. मग त्याचा माणूस दारात आला. "माताजी, फोटो हटा दीजिए." ताई म्हणाली, "बेटा, हटाने से जो हुआ, वो मिट जाएगा क्या?" तो गेल्याबरोबर तिनं कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या खिशात कोंबलं. पुढच्याच आठवड्यात दोघे घरात घुसले. हातोड्यानं कॉम्प्युटर फोडला, कॅमेरा फोडला आणि शेवटी ताईचं उजवं मनगट टेबलावर दाबून धरून त्यावर हातोडा घातला. मी दवाखान्यात भेटलो तेव्हा ती वेदनेनं थरथरत होती. म्हणाली, "माधव, भीती वाटते रे. पण तो फोटो हटवणार नाही." प्लॅस्टर असतानाच ती माझ्या लॅपटॉपवर डाव्या हातानं माउस चालवायला शिकली. शिवरात्रीच्या सुमारास गुड्डू जामिनावर सुटला आणि त्यानंतर ती दुपार आली...

तिला ढकलणाऱ्याला गल्लीतल्या दुकानदारांनी पाहिलं होतं. एकही बोलेना. तेराव्याच्या दिवशी मी तिच्या खोलीत एकटाच रागानं जळत बसलो होतो. हातात काही असतं, तर त्या दुकानांच्या काचा फोडल्या असत्या.

तेवढ्यात फुलमती आली. नदी ओलांडून, लल्लनचा हात धरून. जमिनीवर बसली आणि म्हणाली, "भैया, पूरी फोटो दिखाइए."

मी लॅपटॉपला कार्ड लावून मूळ फोटो उघडला. डावीकडच्या कोपऱ्यात ती होती, हात पसरून वल्ह्याखाली धावत आलेली. तिनं स्वतःकडे खूप वेळ पाहिलं. लल्लननं उरलेल्या एका डोळ्यानं पाहिलं आणि मान फिरवली.

"दीदी ने हमको काट दिया था," ती म्हणाली.

"तुम्हारे ही लिए."

"मालूम है." तिनं पदरानं तोंड पुसलं. "अब मत काटिए. अदालत में भी बोलेंगे. हम वहाँ थे."

मी कॉपी केली. लांबी-रुंदी बरोबरीनं, जरा जरा करून कमी केली आणि दर वेळी तिला विचारलं, "दिखती हो?" फोटो चढण्याजोगा झाला, तरी तिचा चेहरा ओळखू येत होता.

"हाँ," ती म्हणाली. "अब डालिए."