विगन यांच्या खुर्चीत कोण बसलंय?

बेरिल टॅपसेलबाई आपल्या खुर्चीपाशी पोचल्या आणि उभ्याच राहिल्या. शेजारच्या खुर्चीत विगन नव्हते. विशीतली एक मुलगी बसली होती, आणि तिच्या खाली विगन यांची उशी होती.

चूक होणं शक्यच नव्हतं. हिरव्या चौकड्यांच्या त्या उशीचा कोपरा मागल्या वर्षी उसवला होता, आणि सामना चालू असतानाच बेरिलबाईंनी पर्समधला सुईदोरा काढून त्यावर निळं ठिगळ लावलं होतं. ते ठिगळ मुलीच्या मांडीखालून डोकावत होतं.

ईस्टबोर्नला जूनमध्ये हिरवळीवर टेनिसची स्पर्धा भरते. नवरा गेल्यापासून बेरिलबाई उपांत्य फेरीच्या दिवशी तिथे जात. दरवर्षी तीच रांग, तीच खुर्ची. शेजारी क्लिफर्ड विगन, रेल्वेतून निवृत्त झालेले, तेही एकटेच. दोघं एकमेकांच्या थर्मासमधला चहा पीत, खेळाडूंच्या सर्व्हिसला नावं ठेवत आणि संध्याकाळी फाटकाशी निरोप घेत. पुढची भेट थेट पुढच्या जूनमध्ये.

बेरिलबाईंनी सगळी नोकरी गावातल्या एका मोठ्या दुकानात केली होती. काम चोर पकडण्याचं. गिऱ्हाइकासारखी टोपी घालून, हातात टोपली घेऊन त्या दिवसभर हिंडत आणि कुणाचा कोट आत येताना सपाट होता नि बाहेर जाताना फुगलाय ते बघत. नोकरी सुटली, पण नजर काही सुटली नाही. दूधवाला, पोस्टमन, चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारा, कुणीच त्या नजरेतून सुटत नसे.

"ही जागा मिस्टर विगन यांची आहे," त्या म्हणाल्या.

"त्यांनीच मला तिकीट दिलंय. मी हेझल, त्यांची भाची."

"भाची? कधी बोलले नाहीत ते."

"सगळं सांगायलाच हवं का तुम्हाला?"

बेरिलबाई बसल्या. उलट उत्तराचं त्यांना काही वाटलं नाही. निर्दोष माणसंही चिडतात. पण मुलीचे कान लालबुंद झाले होते.

"बरे आहेत ना ते?"

"एकदम छान. स्पेनला गेलेत."

सामना सुरू झाला. एका बाजूला उंच झेक मुलगी, दुसऱ्या बाजूला डावखुरी ऑस्ट्रेलियन. समुद्रावरून वारा येत होता आणि सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू भलतीकडेच जात होता. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. बेरिलबाईंचं लक्ष मात्र उशीच्या ठिगळावर होतं.

"एकटेच गेले का स्पेनला?" खेळाडू टॉवेलला तोंड पुसत होत्या तेव्हा त्यांनी विचारलं.

"हो. म्हणजे नाही. गुडघ्याचं ऑपरेशन आहे ना त्यांचं."

"ऑपरेशन आहे आणि स्पेनला गेले?"

"आधी स्पेन," हेझल म्हणाली, "मग ऑपरेशन."

बेरिलबाईंच्या डोळ्यांपुढे एक जिना उभा राहिला आणि जिन्याखाली पडलेला एकटा म्हातारा. दार उघडं, खुंटीवरची पिशवी गायब, तिकीट गायब, उशी गायब. खेळाडूंनी बाजू बदलताच त्या उठल्या आणि पायऱ्यांवर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला त्यांनी गाठलं.

"त्या मुलीचं तिकीट तपासा."

"तपासूनच आत सोडलंय, बाई."

"पुन्हा तपासा."

"मागच्या वर्षी तुम्ही आइस्क्रीमवाल्याला तपासायला लावलं होतंत," तो म्हणाला. "बसा आता, खेळ सुरू होतोय."

दुसऱ्या सेटमध्ये ऊन तापलं. समोरच्या बाजूला मधल्या रांगेत कुणीतरी काळी छत्री उघडली. मागची माणसं ओरडली, "अहो, खाली घ्या ती! आम्ही काय छत्री बघायला आलोय?" स्वयंसेवक धावत गेला. छत्री सावकाश, नाराजीनं मिटली.

दरवर्षी ऊन वाढलं की छत्री उघडून असा ओरडा खाणारा एकच माणूस बेरिलबाईंच्या ओळखीचा होता. त्यांनी डोळे बारीक केले. तीच तपकिरी हॅट, तेच खाली झुकलेले खांदे.

त्यांनी हेझलकडे पाहिलं. ती आपल्या बुटांकडे बघत होती.

"स्पेन बरंच जवळ आलंय की," बेरिलबाई म्हणाल्या.

"मी त्यांना म्हटलं होतं, मला खोटं बोलता येत नाही," मुलगी पुटपुटली.

खेळ चालू असताना जागेवरून हलता येत नाही. ते दोन गेम बेरिलबाईंना फार लांबले. बाजू बदलली तशा त्या तरातरा मैदानाला वळसा घालून पलीकडच्या पायऱ्यांशी पोचल्या. विगननी त्यांना येताना पाहिलं आणि ते हॅट काढून उभे राहिले.

"काय लपवताय तुम्ही?" बेरिलबाईंनी विचारलं.

"काहीच नाही. सामना बघतोय."

"माझ्याशेजारी बसून दिसत नव्हता?"

विगननी हॅट परत डोक्यावर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "दोन वर्षांमागं आपल्या रांगेतल्या एका बाईंचं पाकीट हरवलं होतं, आठवतंय? तुम्ही सगळ्या रांगेला पिशव्या उघडायला लावल्यात."

"पाकीट सापडलं ना शेवटी? तिच्याच खुर्चीखाली होतं."

"सापडलं. पण तोवर माझ्या पिशवीतून दुसरी पँट आणि आतले कपडे बाहेर निघाले होते, सगळ्यांच्या देखत. या वयात लागतात काही जणांना, बेरिल. मागच्या वर्षी तरीही आलो. दिवसभर तुम्ही माझ्या पिशवीकडेच बघत होतात."

बेरिलबाईंना ती पँट आठवली. त्या दिवशी त्यांनी मनात म्हटलं होतं, दुकानातून उचललेली असणार.

"मग उशी का देऊन टाकलीत?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"नवी घेतली. जुनी सपाट झाली होती."

"खेळ सुरू होतोय," स्वयंसेवक म्हणाला. माफी मागायची तर आत्ताच, हे बेरिलबाईंना कळत होतं. पण दुकानात ज्याला चुकून पकडलं त्याचीही माफी मॅनेजर मागत असे, त्या कधी नाही. शब्द कुठून सुरू करायचे तेच त्यांना ठाऊक नव्हतं. "उन्हात बसू नका फार," म्हणून त्या वळल्या.

परत आल्या तेव्हा हेझल पर्स छातीशी धरून बसली होती. "पोलीस बोलावलेत का?"

"नाही. सँडविच खाणार? अंड्याचं आहे."

मुलीनं एक घेतलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पंधरा, तीस, आणि मग एकदम चाळीस कसं?"

हिला खरंच येत नाही की उगीच विचारतेय, असं बेरिलबाईंच्या मनात येऊन गेलं. पण त्या तिला समजावत बसल्या. तिसरा सेट झेक मुलीनं जिंकला, आणि टाळ्या वाजवायला दोघी एकदमच उठल्या.

संध्याकाळी बस स्टॉपवरून त्यांना फाटकातून बाहेर पडणारे विगन आणि हेझल दिसले. गर्दीतून विगननी हॅट उंचावली. बेरिलबाईंचा हात अर्धवट वर गेला आणि थांबला. हॅट आपल्यासाठीच की दुसऱ्या कुणासाठी, म्हणून त्यांनी मान वळवून आधी मागं कोण उभं आहे ते पाहिलं.