तळहातावरचा निखारा

“कातडी झोपली हाय माझी, मी जागीच हाय,” असं भागम्मा पूर्ण्याच्या डॉक्टरांना म्हणाली होती.

निजामाचं राज्य होतं. तिचा नवरा सांबप्पा गंगाखेडच्या बाजारात किराणा विकायचा. रोज सकाळी भागम्मा गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायची. एकदा धुपाटण्यातला निखारा त्या हातावर पडला. मांस जळाल्याचा वास आला तेव्हा कुठे तिनं खाली पाहिलं. सांबप्पानं ते बघितलं आणि बायकोच्या पायांवर डोकं ठेवलं.

ध्यान लागावं तर असं, गल्ली म्हणू लागली. बायका तान्ही लेकरं तिच्या हाती देऊ लागल्या. जखम चिघळली, ती कण्हली नाही, याचंही कौतुक झालं. लग्नापासून आजवर सांबप्पानं तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. तिला ते हवंसं वाटलं. चटका कळलाच नव्हता, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

मग कानाच्या पाळ्या जाड झाल्या. भावाकडे जाते म्हणून ती पूर्ण्याला गेली. डॉक्टरांनी पाळीला बारीक चीर देऊन रस काचेवर घेतला. महारोग आहे, म्हणाले. कातडीत पहारा करणाऱ्या पेशी असतात. तुमच्या पेशी जंतू गिळतात, पण मारत नाहीत, तो त्यांच्याच पोटात वाढतो. लहान लेकरांना हात लावू नका. पोटात ठेवून वाढवणं म्हणजे काय, हे भागम्माला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. घरी येऊन तिनं लेकरं घेणं सोडलं. लोकांना वाटलं, व्रत असेल.

सून महादेवी बाळंत झाली. लिंगधारणेला स्वामींनी बाळाला भस्म लावलं, लिंग बांधलं. भरल्या घरात सांबप्पानं नातू तिच्यापुढे धरला.

“घ्या. घरच्या लेकरापुढं कसलं आलंय व्रत?” आताशा तो तिला अहोजाहो करायचा.

भागम्मानं हात पदराखाली ओढले. “महारोग हाय मला. हातावर इस्तू पडला ते मला कळलंच न्हवतं.”

शेजारची शिवम्मा हसली. “आक्का सोताचं मोठेपण लपवायलीय बगा.” बायकांनी माना डोलावल्या. सांबप्पाही हसला.

महादेवी मात्र सासूच्या कानाकडे बघत होती. तिनं सासऱ्याच्या हातातून बाळ काढून घेतलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

सांबप्पाचे हात तसेच पुढे राहिले. “मग मी पाया पडलो ते कुणाच्या?” त्यानं हळूच विचारलं.

भागम्मा उठली. बायकांनी लुगडी आवरून वाट दिली. ती त्या वाटेनं उंबऱ्याबाहेर गेली.