एका हाडाची मंजुरी

बोळिंजच्या छोट्या इस्पितळात आईच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारे होते. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलेलं. गरिबांच्या सरकारी योजनेतून ऑपरेशनला आठ दिवसांनी मंजुरी आली होती, तरी त्यांच्या बायकोने कपड्यांची पिशवी अजून उघडली नव्हती. रेशनकार्ड मांडीवर धरून ती त्याच्या कव्हरचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची.

म्हातारे सकाळपासून छाती चोळत होते.

“मावशी, डॉक्टरांना सांगा की,” मी म्हटलं.

ती घाबरून जवळ सरकली. “नको रे बाला. मंजुरी एका हाडाची हाय. दुसरं दुखनं निघालं तर फाईल परत जाईल. मग हाड पन तसंच राहील.”

डॉक्टर आले. “आणखी काही त्रास?” त्यांनी आईला विचारलं. आमचं बिल कंपनीच्या विम्यातून जाणार होतं. मी धडाधड चार तक्रारी सांगितल्या. मग म्हाताऱ्यांनाही त्यांनी तेच विचारलं.

“नाय, कायच नाय,” मावशीच म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी आईची उशी नीट करत बसलो. ती नीटच होती.