कुलूपबंद मशिनं

मुख्याध्यापकांनी मला फसवलं आणि माझ्या हातून एक मुलगी फसली. जामखेडकडच्या त्या शाळेत मी मुलींना शिवणकाम शिकवायला होते.

आठ मशिनं मीच नगरच्या दुकानदाराशी दोन तास भांडून आणली होती. ती आली त्या दिवशीच सरांनी प्लास्टिकसकट खोलीत ठेवून कुलूप लावलं. दसऱ्याला दार उघडायचं, हळदकुंकू वाहायचं, पुन्हा बंद.

"तपासणीत एखादं बिघडलेलं निघालं तर माझी पेन्शन अडकेल, बाई. पुस्तकातली आकृती काढून घ्या, हात आपोआप वळतो."

"मग तुमच्या मोटरसायकलची आकृती काढून देते, सर. तिच्यावर बसून घरी जा."

दहावीतल्या एका मुलीचे आईबाप ऊसतोडीला निघाले होते. बाप वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "बाई, औंदा हिला आजीपाशी ठिवतो. शिलाई जमली तर बरं, न्हाई तर पुढल्या हंगामाला हिच्या हातात कोयता हाय."

मी शब्द दिला. शिवणाचं दुकान मोडून नोकरी धरली तेव्हाच माझं मशीन विकलं होतं, म्हणून सरांशी सौदा केला. पोषण आहाराचं रजिस्टर मी लिहीन, स्नेहसंमेलनाचे कपडे रात्री शेजारणीचं मशीन मोकळं असेल तेव्हा शिवीन, बदल्यात रोज एक तास किल्ली. रजिस्टर झालं, कपडेही झाले. किल्ली मात्र 'सोमवारी बघू'. आयुष्यभर भाव करत आले, पण इथं माल आधी देऊन बसले. एकदा रागाने वीट घेऊन कुलपापाशी गेले. नोकरी जाईल म्हणून परत फिरले. ते मला अजून खुपतं.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी प्लास्टिक फाडलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंना मुलीने मशीनचा एकेक भाग न अडखळता सांगितला. मग पायडल दाबलं. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला.

"कधी बसलीच नाहीस का गं मशीनवर?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे. सर खिडकीबाहेर बघत होते.

ती नापास झाली. माझ्या वर्षाच्या कामाच्या अहवालावर सरांनी शेरा मारला: कामगिरी असमाधानकारक. तपासणीत मात्र मशिनं सुस्थितीत असल्याबद्दल त्यांचं कौतुक झालं.

यंदा दिवाळीनंतर ती टोळीच्या ट्रॅक्टरमध्ये बसून गेली. कामगिरी कुणाची असमाधानकारक होती, ते सर, तुम्ही उसाच्या फडावर जाऊन तिच्या तोंडावर सांगा. मी सोबत येते.