वाडीची राखण

किहीमला आमची नारळाची वाडी आहे आणि वाडीत भाड्याने द्यायच्या दोन खोल्या. येणाऱ्याला आम्ही गिऱ्हाईक म्हणत नाही, पाहुणा म्हणतो. गिऱ्हाइकाशी माणूस जपून बोलतो. पाहुण्यापुढे मात्र आम्ही घरातलं सगळं मांडतो, पोरंसुद्धा.

मुंबईच्या एक ताई चार वर्षं येत होत्या. माझ्या हातचं वालाचं बिरडं त्यांना फार आवडायचं. जाताना मी पांढऱ्या कांद्याची माळ द्यायचे, घरची माणसं म्हणून. लेकीला त्या पुस्तकं आणायच्या. लेक तेव्हा दहा वर्षांची होती, जिभेला हाड नसलेली. येईल त्या पाहुण्याला कमरेवर हात ठेवून दरडावायची, "नारलाखाली उबं ऱ्हाव नका, डोक्यान परंल!" लोक हसायचे आणि मी फुगायचे.

त्या मे महिन्यात ताईंनी तिचं हे बोलणं मोबाइलवर घेतलं. आठवणीसाठी, म्हणाल्या. पण त्यांनी ते एका ॲपवर टाकलं आणि चार दिवसांत सगळ्या तालुक्याच्या फोनवर फिरलं. त्यात लेकीचं घरातलं लाडाचं नाव होतं, गावाचं होतं, मागे आमच्या खोल्यांची पाटी दिसत होती. मला राग यायला हवा होता. मी काय केलं, तर संध्याकाळी मीठ-मोहऱ्या घेऊन पोरीची दृष्ट काढली. एवढ्या लोकांनी बघितलं तर नजर लागणारच, एवढंच माझ्या डोक्यात. फाटकाला साधी कडीसुद्धा बसवली नाही.

पुढच्या मंगळवारी मी नेहमीप्रमाणे सामान आणायला अलिबागला गेले. नवरा ट्रक घेऊन गुजरातेत. परत आले तर घर आतून बंद. हाका मारून घसा सुकला तेव्हा लेकीने दार उघडलं. फाटकाशी एक माणूस आला होता. तिला लाडाच्या नावाने हाक मारत होता. "मंगळवारी आई नसते ना तुझी? मग ये की, ते नारळाचं म्हणून दाखव." ती पळाली, कडी लावली आणि पलंगाखाली शिरली. तो पायरीपर्यंत आला, बराच वेळ दार वाजवत राहिला आणि मग गेला. किती वेळ ते तिला सांगता येत नव्हतं. तिचे दात वाजत होते, भर उन्हाळ्यात.

मी ताईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, कोणीतरी चाहता असेल तिचा. किती गोड दिसतेय ती. आणि तुमच्याही खोल्या भरल्याच ना?" काढून टाकते म्हणाल्या. काढलं नाही. नंतर फोनच उचलेनात. चार वर्षं जिला वाढलं, तिने केसाने गळा कापला, असं मी भेटेल त्याला सांगत सुटले. ज्या कंपनीच्या ॲपवर ते होतं, तिला कळवलं. उत्तर इंग्रजीत आलं. मला कुठलं वाचता येतंय, लेकीनेच अडखळत वाचून सांगितलं, की यात आमच्या कुठल्याही नियमाचा भंग झालेला नाही.

मग तिला घेऊन अलिबागला पोलिसांकडे गेले. तिथल्या बाई चांगल्या होत्या, लेकीला त्यांनी पाणी दिलं. त्या माणसाचा शोध घेतो म्हणाल्या. मग विचारलं, "व्हिडिओ काढायला परवानगी कोणी दिली होती?"

"कोनीच न्हाय," मी ठणकावून म्हणाले. "आमचा विश्वास होता त्यांच्यावर."

बाईंनी व्हिडिओ लावला. मी तो तोवर आवाज बारीक करून, पोरीकडे बघत बघितला होता. त्यांनी आवाज मोठा केला. लेक नारळाचं बोलली, ताई हसल्या. लेक गप्प झाली, पायाने माती उकरू लागली. आणि मागून, ओट्यावरून, कौतुकाने ओथंबलेला माझाच आवाज आला, "मंगलवारचं पन सांग गो ताईंना. मी बाजारान जातंय तवा वाडी कोन राखतं ता सांग." लेकीने मागे बघितलं, मग मोबाइलकडे बघून म्हणाली, "मीच राखतंय. एकटी."

बाईंनी मोबाइल उलटा ठेवला आणि कागद पुढे ओढला.

घरी येताना रिक्षात लेक माझ्यापासून सरकून दुसऱ्या कडेला बसली. मी तरी ताईंचाच उद्धार करत होते, दुसरं काय करणार. ती बाहेर बघत हळू म्हणाली, "आये, मना ता सांगायचा नव्हता."

आता फाटकाला कुलूप आहे. गेल्या आठवड्यात एक पाहुणे नेमके नारळाखाली खुर्ची टाकून बसले. लेक ओट्यावर होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, वर झाडाकडे बघितलं, आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेली. त्यांना मीच जाऊन उठवलं.