तो नारळ नव्हता, आबा

सुमन गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. तिला भेटायला म्हणून तिच्या सासरी, कुपवाडच्या चौकात रिक्षातून उतरले आणि समोरच्या फ्लेक्सवर तिचा चेहरा दिसला. ‘देवभक्त, धर्मपरायण सुमनकाकींना भावपूर्ण श्रद्धांजली.’ डोक्यावर पदर, गळ्यात तुळशीची माळ. पदर आणि माळ दोन्ही फ्लेक्सवाल्यानं मागाहून चढवलेलं. मला ते माहीत, कारण मूळ फोटो मीच काढला होता. साताऱ्यात, ज्येष्ठांच्या मैदानी स्पर्धेत, अंगात ट्रॅकसूट आणि गळ्यात गोळाफेकीचं पदक. त्या पदकाची निळी फीत माळेखालून बोटभर अजून दिसत होती... रडू आधी यायला हवं होतं. राग आधी आला, आणि महिना झाला तरी तो उतरलेला नाही.

आम्ही दोघी पाटणकडच्या, एका शाळेतल्या. सुमनच्या हातात गोळा आला की मुलंसुद्धा मागं सरकायची. जिल्ह्याला खेळायला जायचं ठरलं आणि त्याच महिन्यात तिचं लग्नही ठरलं. बघायला आले होते थोरले दीर, आबा. चहाची बशी खाली ठेवत ते म्हणाले, “गोळा-बिळा आमच्यात चालत न्हाई.” संपलं. नवरा फौजेत, माणूस भला, पण वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा. घर आबांच्या शब्दावर चालायचं. ऊस, म्हशी, चुली यांत सुमनचं निम्मं आयुष्य गेलं. पुढं नवराही गेला, आणि त्याचं वर्षश्राद्ध होतंय न होतंय तोच आबांनी सांगितलं, “आता काय ऱ्हायलंय? देवदेव कर.”

सुमननं तो शब्द उचलला आणि गाठीला बांधून ठेवला. आधी पाट्यावरचा जुना वरवंटा घेऊन ती उसाच्या बांधावर जायची आणि फेकायची. हात बसल्यावर सांगलीहून खरा गोळा आणला. मग दर मंगळवारी, शुक्रवारी कापडी पिशवी उचलायची, “देवदेव कराया चालले” म्हणायचं आणि थेट मैदान गाठायचं. पिशवीतलं ते गोल गरगरीत बघून आबांना वाटायचं, नारळ. भावजय कशी देवाला लागलीय हे ते पारावर अभिमानानं सांगत. एकदा तिला एसटीत चढताना बघून त्यांनी पिशवी धरायला हात पुढं केला आणि खांद्यासकट खाली वाकले. सुमन शांतपणे म्हणाली, “आवं आबा, जपून. देव लय जड हाय.” चारचौघांत झालेल्या फजितीनं पुढं वर्षभर ते तिच्याशी बोलले नाहीत. तिला तेवढाच आराम.

उतारवयात छंद जोपासावा, मन प्रसन्न राहतं, असं या पेपरच्या याच रविवार पुरवणीत अधूनमधून छापून येतं. मी एकदा तिला ते वाचून दाखवलं. ती खळखळून हसली. “परसन्न कसलं गं? गोळा मानंला लावला की आबांचं त्वांड डोळ्यापुढं आणते. मग जातोय बघ लांब.” पदक घेताना सुमन खूश होती, खरंच खूश होती, पण तो आनंद सूड उगवल्याचा होता आणि तिनं तो कधी लपवला नाही. मग मी तरी का लपवू?

दहाव्याला आबा माइकवर बोलले. सुमननं उरलेलं आयुष्य देवाच्या पायाशी घालवलं म्हणाले. माणसं माना डोलावत होती. ज्यानं तिचा गोळा एकदा हिसकावला, त्यानंच ती गेल्यावर दुसऱ्यांदा हिसकावला. बायकांच्या घोळक्यात कुणी माझ्यापर्यंत माइक आणणार नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. आबा, रविवारी तुमच्या ओसरीवर हाच पेपर येतो. या मजकुराशेजारी छापलेला मूळ फोटो नीट बघा. ती पदकाची फीत आहे.

निघताना आबांच्याच बायकोनं, सुमनच्या जावेनं, मला मागच्या दाराला बोलावलं आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला वरवंटा माझ्या ओटीत घातला. “हितं ऱ्हायला तर परत चटणी वाटतील,” एवढंच बोलली.

आता तो माझ्या अंगणात असतो. मी आयुष्यात कधी काही फेकलेलं नाही, खांदाही धड वर जात नाही. आज सकाळी तो मानेला लावला, डोळे मिटले आणि टाकला. माझ्याच पायापुढं पडला. पण आबांचं तोंड मात्र अगदी स्पष्ट दिसलं... उद्या परत टाकणार आहे.